मुदतीचा उकार

संपादकांनी 'नोकरीतला एखादा थरारक प्रसंग लिहा' असं कळवलं आहे. परवान्याच्या टेबलावर थरारक ते काय घडणार? फार तर दौत लवंडायची. मी आयुष्यभर कारकून होतो. माझ्या हातून ना कुणी चोर पकडला गेला, ना कुठला पूल बांधला गेला. तरी एक गोष्ट आहे. ती एका उकाराची आहे, म्हणजे अक्षराच्या पायाशी काढतात त्या शेपटाची. इतकी वर्षं ती मी घराबाहेर सांगितलेली नाही. आता ज्यांना सांगायला लाज वाटावी अशी माणसं राहिली नाहीत, म्हणून लिहितो.

हैदराबाद संस्थान गेलं, पुढं राज्यांची फेरमांडणी झाली आणि आमचा उस्मानाबाद जिल्हा मराठी मुलखाला जोडला गेला. उस्मानाबाद हे कागदावर, घरात आम्ही धाराशिवच म्हणायचो. कचेरीतली उर्दू गेली आणि मराठी आली. पण माणसं तीच राहिली आणि त्यांच्या पेटीतल्या जुन्या सनदाही त्याच. आपल्याला अमुक काम येतं असं निजामाच्या अमलात कुणी कुणी लिहून दिलेले हे कागद. नव्या सरकारनं ठरवलं की ते तपासायचे, खरे असतील त्यांना नवा परवाना द्यायचा आणि शंका असेल तिथं परीक्षा घ्यायची. कागद सगळे उर्दूत. ते वाचून मराठीत उतरवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला हंगामी कारकून म्हणून घेतलं. मी धाराशिवचा कुलकर्णी, पण शाळा सगळी उर्दूत झालेली. त्या काळी सरकारी शाळेत दुसरं काही नव्हतंच.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं. कोण काय घेऊन येईल याचा नेम नसायचा. एका ड्रायव्हरनं आपल्या जुन्या जहागीरदाराची चिठ्ठी आणली होती. त्यात एवढंच लिहिलेलं, की हा मोटार अशी हाकतो की मागच्या गादीवर निजलेली मांजर जागी होत नाही. परवाना देण्याच्या नियमात मांजराचा उल्लेख कुठंच नव्हता. एक कंपाउंडर आला, त्याच्याकडं कागदच नव्हता. त्यानं आमच्या शिपायाची जीभ आणि डोळे बघून त्याला काय होतंय ते सांगितलं, आणि शिपाई घाबरून तीन दिवस रजेवर गेला.

त्यात तारखा फसली सनाच्या, म्हणजे निजामाच्या सरकारी सालाच्या. महिन्यांची नावंही फार्सी. एका सनदेवर 'पाच बहमन' अशी तारीख होती, ती मी तशीच मराठीत उतरवली. आमचे साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कुलकर्णी, हे पाच ब्राह्मण कोण? साक्षीदार आहेत का?" बहमन हा महिना आहे हे मी सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यासमोर हसले. माणूस कडक होता, पण सरळ होता. नियम पाठ, अक्षर मोत्यासारखं. आमच्या मुलखाची त्यांना काही माहिती नव्हती आणि माहिती आहे असा आवही ते कधी आणत नसत.

कचेरीच्या आवारात एक मोठा लिंब होता. त्याच्या सावलीत अर्जनवीस बसायचे. हल्लीच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारशी कसं बोलावं हे कळत नाही, त्याचा अर्ज लिहून देणारा तो अर्जनवीस. पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, पेटीवर कागद, पेटीत दौत, टाक आणि सरकारी सनद. सनदेवाचून लिंबाखाली बसायची मुभा नव्हती.

या सगळ्यांत जुने होते गफूरमुन्शी. मूळचे नळदुर्गचे. अंगात पांढरी शेरवानी, कोपरांवर झिजलेली, पण रोज धुतलेली. माझ्या वडिलांचे ते स्नेही. मी उर्दू शाळेत जायचो तेव्हा रस्त्यात अडवून शेर म्हणायला लावायचे आणि चुकलो की शेंडीला हात लावून म्हणायचे, "दत्तूमियाँ, जबान दुरुस्त करा." पुढं मी कचेरीत लागलो तरी नाव तेच राहिलं. फक्त साहेबांसमोर ते मला न चुकता 'कुलकर्णीसाहेब' म्हणायचे.

लोकांना वाटतं अर्जनवीस म्हणजे अक्षर चांगलं असलेला माणूस. तसं नाही. मुन्शींचं खरं काम कानाचं होतं. माणूस येतो तो सगळं आयुष्य घेऊन येतो. भिंत पडली, बैल मेला, मेहुण्यानं शिवी दिली, तलाठी ओळख देत नाही. मुन्शी ऐकत राहायचे, मधेच पानाचा डबा उघडायचे आणि शेवटी दोन-तीन प्रश्न विचारायचे. तेवढ्यात त्या गाठोड्यातली एकच मागणी बाहेर यायची. ते म्हणायचे, "रडणं येगळं, मागणं येगळं. सरकारला रडणं ऐकायला कान न्हायत. मागणं मात्र एकच ठिवायचं, आन् पैल्या चार ओळीत."

एकदा सास्तूरचा एक शेतकरी भावाविरुद्ध बांधाची तक्रार घेऊन आला. मुन्शींनी तासभर ऐकलं आणि टाक पुसून पेटीत ठेवला.

"तुला बांधाचं कायबी पडलेलं न्हाय," ते म्हणाले. "भावानं लेकीच्या लग्नाला बोलावलं न्हाय, ह्याचा राग हाय तुला. त्याला सरकार काय करणार?"

तो माणूस उठून गेला. अर्ज झालाच नाही. शेजारचा अर्जनवीस मुन्शींना हसला, की आलेलं गिऱ्हाईक घालवलंत. मुन्शींनी नुसतं पान लावलं.

तर हुकूम असा आला, की अर्जनवीसांच्या उर्दू सनदा आता चालायच्या नाहीत. ज्याला लिंबाखाली बसायचं आहे त्यानं मराठी भाषेत अर्ज लिहून दाखवावा, मग नवा परवाना मिळेल. यात गैर काही नव्हतं. अर्ज वाचणारेच जर मराठी वाचणारे असतील तर लिहिणाऱ्याला मराठी यायलाच हवी. मुन्शींनाही ते पटलेलं होतं. ते मला म्हणाले, "मराठीची काय भीती घालायलास? तुझ्या बापाशी म्या काय फार्सीत भांडायचो व्हय?"

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी विषय दिला, गावातली पडकी विहीर दुरुस्त करून मिळावी म्हणून अर्ज. सगळ्यांच्या आधी मुन्शींनी कागद आणून दिला. साहेबांनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कागद उर्दू लिपीत होता.

"मुन्शीजी, मराठीत लिहायचं होतं."

"मराठीतच हाय, साहेब," मुन्शी शांतपणे म्हणाले. "कुलकर्णीसाहेबांना वाचायला लावा."

मी वाचू लागलो. उजवीकडून डावीकडं डोळे फिरत होते आणि तोंडातून निघत होतं स्वच्छ मराठी. गावाचं नाव, विहिरीची जागा, किती घरं तिच्यावर पाणी भरतात, कठडा कधी ढासळला आणि मागणी काय. दहा ओळी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बाकीचे कागद साहेबांनी नंतर वाचले, त्यांत 'मायबाप सरकार' आणि 'पायाची धूळ' यातच पान संपलेलं होतं.

साहेब काही वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. हुकुमात 'मराठी भाषेत' असं होतं, लिपीबद्दल अक्षर नव्हतं. हुकूम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही ते आलं नसणार.

"मराठी उत्तम आहे," ते शेवटी म्हणाले. "यापेक्षा चांगला अर्ज मलाही लिहिता येणार नाही. पण जो मी वाचू शकत नाही तो मी मंजूर कसा करू? तुम्ही नागरी शिका. सहा महिने मुदत देतो. तोवर जुन्या सनदेवर बसा."

मुन्शींनी मान लववली. तसा हुकूम लिहायला मला सांगितलं. मी दोन प्रती केल्या, एक फाईलला आणि एक मुन्शींना. साहेबांनी सह्यांच्या गठ्ठ्यात सही करून टाकली.

आता माझी गोष्ट सांगतो. मला मराठी वाचता यायची, घरात पोथ्या होत्या. पण लिहायला मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी नागरी लिहायचो ते मनातल्या मनात उर्दूवरून उतरवत. उर्दूत ऱ्हस्व इकार-उकार सहसा लिहीत नाहीत, वाचणारा ते अंदाजानं घालून घेतो. मीम, दाल, ते अशी तीन अक्षरं काढली की त्याचं मुदतही होतं आणि मदतही. मी नागरीतही तसंच करायचो. विहिरीची वहीर, मुलगीची मलगी. घाईत हमखास. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुणी बघतच नव्हतं. कुलकर्ण्याच्या मुलाला मराठी येत नसेल अशी शंका कुणाला येणार? अख्ख्या जिल्ह्याची परीक्षा घेणाऱ्या त्या टेबलावर माझी परीक्षा कुणीही घेतली नव्हती. माझं आडनाव हीच माझी सनद.

मुन्शींनी शिकायला सुरुवात केली. वय साठीच्या घरात, तरी कुणाकडं गेले नाहीत. बाजारातून अंकलिपी आणली आणि ती घोटून अक्षरं बसवली. अक्षरं आल्यावर सराव कशाचा करायचा? लिंबाखाली त्यांच्या पेटीत नागरीतला एकच कागद होता, मी लिहिलेला हुकूम. सरकारी सहीशिक्क्याचा. तो ते रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाटीवर उतरवून काढायचे. मी खिडकीतून बघायचो. मला कौतुक वाटायचं. चहाला बाहेर गेलो की ते पाटी दाखवायचे, आणि मी 'वा चाचा' म्हणून पुढं जायचो. नीट वाचली असती तरी मला चूक दिसली असती का, कुणास ठाऊक.

सहा महिने संपले. या वेळी साहेबांनी ठरवलं, की काल्पनिक विषय नको. आवारात खरीच एक बाई आली होती, नळदुर्गची काशीबाई. हैदराबादच्या सडकेचं रुंदीकरण चाललं होतं आणि तिचं घर सडकेच्या रेघेत आलं होतं. साहेबांनी तिला मुन्शींसमोर बसवलं.

काशीबाई बोलायला लागली ती थांबेचना. नवऱ्यानं भिंती कशा घातल्या, कुठल्या दीरानं कधी दगा दिला, मुकादम कसा तोंडाळ आहे. मुन्शी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "बाई, घर पाडू नये म्हणतीस का?"

"तसं कुठं म्हणायले, चाचा? सडक सगळ्यांचीच हाय. पाडा की."

"मग?"

"सून अवघडलीया. नववा लागलाय तिला. ह्या दिसात तिला कुठं घिऊन हिंडू? ती बाळंत होऊ द्या, सव्वा महिना सरू द्या. मग माझी म्या दारं काढून देते."

मुन्शींनी कागद पुढं ओढला. अक्षरं मोठी, गोल, जोंधळ्याच्या दाण्यांसारखी सुटी. वेळ लागला. साहेबांनी अर्ज घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना मुन्शी पास व्हायला हवे होते, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"मुन्शीजी, या बाईला काय हवंय?"

"मुदत, साहेब. तीन महिन्याची."

"तुम्ही लिहिलंय, तीन महिन्यांची मदत मिळावी." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "तीन ठिकाणी. मदत म्हटलं की हा कागद मदतीच्या शाखेत जाईल. तिथं सांगतील, अशी मदत नसते. तेवढं कळायला महिना जाईल आणि तोवर हिचं घर पडलेलं असेल. शुद्धलेखनाचा हट्ट नाही माझा. पण सगळ्या अर्जात जो एक शब्द महत्त्वाचा तोच जर चुकला..."

काशीबाईचं म्हणणं त्यांनी कानानं ऐकलं होतं, त्यामुळं तिला त्यांनी तिथंच मुदत दिली. मुन्शींच्या कागदावर 'नामंजूर' लिहिलं आणि लिहून झाल्यावर टाक जरा जोरातच खाली ठेवला.

मुन्शींचा हात शेरवानीच्या खिशाकडं गेला, आतल्या कागदाचं टोक वर आलं आणि पुन्हा आत गेलं. मला काही कळलं नाही. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर ते लिंबाखाली पेटी आवरत होते, त्यांनी मला खूण करून बोलावलं आणि तो कागद माझ्या हातात दिला. माझ्याच अक्षरातला हुकूम. 'सहा महिन्यांची मदत देण्यात येत आहे.'

मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"मला पैल्या दिशी वाटलं हुतं, उकार पायजे," मुन्शी म्हणाले. "अंकलिपीत तर हाय उकार. मग म्हनलं, आमच्या लिपीत उकार गिळत्यात तसा नागरीत बी गिळत असतील. सरकारचा कागद हाय, सहीशिक्का हाय. त्यात चूक कशी असंल?"

"चाचा, मग साहेबांना दाखवायचं होतं की. तुमचा दोष नाही यात."

"कुनाचा हाय मग?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दत्तूमियाँ, कायम कवा व्हायलास?"

"तीन महिन्यांनी."

"मग फाईलीतली प्रत नीट करून ठिव. कुनी बघितली तर पंचाईत व्हईल."

एवढं बोलून त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि दर्ग्याच्या वाटेनं घरी गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी कचेरीत आलो, फाईल काढली आणि 'म'च्या पायाशी एक उकार काढला. माझ्या नोकरीतला तो पहिला शुद्ध उकार. हात मुळीच कापला नाही, याची आता जास्त लाज वाटते.

त्यानंतर मुन्शी लिंबाखाली आले नाहीत. परवान्याशिवाय अर्ज लिहिणं गुन्हा होता, म्हणून त्यांनी घरीही टाक हातात धरला नाही. पण लोक त्यांच्या दारी जायचे. ते ऐकून घ्यायचे, काय मागायचं ते सांगायचे आणि म्हणायचे, "जा, लिंबाखाली जाऊन कुनाकडनंबी लिहून घे." त्यांच्या जागेवर एक नवा मॅट्रिक झालेला अर्जनवीस बसू लागला. खेड्यातली माणसं त्याच्यापाशी येऊन विचारायची, "मुन्शी कुठं बसायलेत आता?" तो माझ्या खिडकीकडं बोट करायचा, कारण परवान्याचं टेबल माझं. मी त्यांना घराचा पत्ता सांगायचो. स्वतः मात्र त्या गल्लीतनं जायचं टाळायचो.

माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. मालती बार्शीची. बार्शी इथून जवळच, पण संस्थानाच्या हद्दीबाहेर, त्यामुळं तिची शाळा मराठीतली. चौथी पास. आमच्या घरात मराठीचा सरकारी दाखला असलेलं माणूस म्हणजे तेवढंच. एका रविवारी मी पाटीवर 'मुदत, मुलगी, विहीर' असं काहीतरी खरडत बसलो होतो, तेव्हा तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"मग साहेबांना सांगा की," ती म्हणाली.

"कायम तर होऊ दे."

ती धान्य निवडत होती. तशीच म्हणाली, "आमच्या मास्तरीणबाई चूक दिसली की लगेच पाटी पुसायला लावायच्या. वाळू द्यायच्या नाहीत."

मी वाळू दिली. पुरे तीन महिने. कायम झाल्याचा हुकूम हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. मुन्शींकडून त्यांचा कागद आदल्या संध्याकाळीच मागून आणला होता. मला वाटलं होतं मुन्शी विचारतील, आता कशाला? ते काही न विचारता उठले आणि कागद हातात देत म्हणाले, "घे. अर्जाचं निम्मं काम तारखंत असतंय. आता तारीक बरोबर हाय." हे ते रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मुन्शींचा कागद पाहिला, फाईलमधला पाहिला. दोन शायांमधला फरक त्यांना दिसला असणारच. ते रागावले नाहीत. एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "बसा. पडक्या विहिरीचा अर्ज लिहा."

मी लिहिला. त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि अकरा ठिकाणी खुणा केल्या. विहिरीची सगळीकडं वहीर झाली होती.

"तुमची परीक्षा कुणी घेतली होती?"

"कुणीच नाही, साहेब. आडनाव बघून घेतलं असेल."

ते खिडकीबाहेर लिंबाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझी तरी कुणी घेतली? या जिल्ह्यातला एकही जुना कागद मला वाचता येत नाही. तरी मी इथं साहेब आहे."

मला शिक्षा होईल असं वाटत होतं. त्यांनी दुसराच हुकूम सांगितला. मुन्शींना जुन्या सनदेवर पुन्हा बसू द्यावं आणि सहा महिन्यांनी परीक्षा घ्यावी. तोंडी पुढं जोडलं, "त्या दिवशी तुम्हीही त्यांच्या शेजारी बसायचं." हुकूम मीच लिहिला. या वेळी सही करण्याआधी साहेबांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

मग आमची शाळा भरली. दर रविवारी सकाळी, आमच्या ओट्यावर. मास्तरीण मालती, पोरं आम्ही दोघं. मुन्शी येताना पानाचा डबा आणि पाटी घेऊन यायचे. कागदाच्या उजव्या कडेपासून लिहायला सुरुवात करायची सवय त्यांना सुटता सुटेना, आणि मालती पेन्सिलीनं त्यांच्या हातावर हळूच मारायची.

"चाचा, इकडनं."

"हौ सूनबाई. चाळीस वर्साची सवय हाय, एकदम वळत न्हाय."

ती सांगायची आणि आम्ही लिहायचो. सुपारी, विहीर, मुलगी, दिवाळी. माझ्या चुका नेहमी त्यांच्याहून जास्त निघायच्या आणि मालतीला त्याचा आनंद लपवता येत नसे. मुन्शी एकदा पाटी पुसत म्हणाले, "तुमच्या नागरीत समदं बोलून दावावं लागतंय. आमच्यात वाचनाऱ्यावर थोडं सोडत्यात. त्याला बी अक्कल हाय म्हनून." मालती म्हणाली, "तशी अक्कल असती तर तुमचा परवाना गेला असता का?" मुन्शी इतके हसले की पानाचा डबा ओट्यावरून खाली पडला.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे महिने होते. मराठी तर आलीच. पण शब्द लिहिता लिहिता मुन्शी गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे, आणि माणूस काय बोलतो आणि त्याला काय हवं असतं यात किती अंतर असतं ते मला तिथं कळलं. पुढची सगळी नोकरी मी त्या शिदोरीवर केली.

परीक्षा झाली. मुन्शींच्या अर्जात चूक एकही नव्हती, माझ्या दोन निघाल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही कायम आहात म्हणून सोडतो." नवा परवाना मी स्वतः लिहिला, आणि तो घेऊन मुन्शी घरी जायच्या आधी आमच्या ओट्यावर आले. मालतीला समोर बसवून त्यांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी छापखान्याच्या नावासकट.

मग खिशातून दुसरा कागद काढला. तोच, माझ्या चुकीचा. साहेबांनी त्यांना तो परत दिला होता. घड्यांवर विरलेला. मालतीनं दौत आणली, टाक बुडवला आणि म्हणाली, "आणा चाचा, आता एकदाचा उकार देऊन टाकू."

मुन्शींनी कागदावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, सूनबाई. चूक हाय खरी. पन खोटं न्हाय त्यात काय." त्यांनी बोट ठेवून वाचलं, उजवीकडून नव्हे, डावीकडून. "सहा महिन्यांची मदत. बराबर तर लिवलंय दत्तूमियाँनं."

मालतीनं टाक खाली ठेवला आणि आत चहा टाकायला गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही आलं होतं.

मुन्शी त्यानंतर बरीच वर्षं लिंबाखाली बसले. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं तो कागद मला आणून दिला, तो अजून माझ्याकडं आहे. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी हाती येतो. मुन्शींना मिळाली ती मुदत साहेबांनी दिली होती आणि मदत मालतीनं केली. मधले तीन महिने मात्र ते पेटी मिटून घरात बसून होते, मी कायम व्हावं म्हणून. ती मुदत मला कुणी दिलेली नव्हती. ती मी आपणहून घेतली होती.